चालीचा मथळा : संगीत नाटक मंडळी आणि पडद्यामागचे गद्य

१

संगीत नाटकाची जुनी छापील प्रत उघडली की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ आढळते : रागाचे नाव, तालाचे नाव आणि त्यापुढे 'चाल'. चाल म्हणून जे दिलेले असते ते दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द असतात. ते गाणे कधी हिंदुस्थानी ठुमरी असते, कधी कानडी पद, कधी पारशी नाटक मंडळ्यांनी लोकप्रिय केलेले गीत, तर कधी कीर्तनातली किंवा लावणीतली मराठी रचना. वाचक ही ओळ ओलांडून पदाकडे जातो. पद हे वाङ्मय आणि चाल ही केवळ गाणाऱ्यासाठी दिलेली सूचना, असा त्याचा समज असतो. समीक्षकांनीही बहुधा हेच केलेले आहे.

वस्तुतः नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात दिवसा काय चालत असे याची छापील संहितेत उरलेली जवळजवळ एकमेव खूण म्हणजे हा मथळा होय. रात्रीचा प्रयोग प्रेक्षकांचा असे. दिवस मंडळीचा असे. त्या दिवसात कोणीतरी पेटीवर एखादी चीज वाजवून दाखवी, नाटककार तिच्या मात्रा मोजत बसे, नट ती गळ्यावर चढते का ते पाही, आणि मालक ती पब्लिक उचलेल का याचा अंदाज बांधी. या साऱ्यातून पद निघे. म्हणजे पदाचे शब्द हे मूळ आणि चाल हा त्यावरचा संस्कार, असा क्रम नव्हता. पुष्कळदा सूर आधी हजर होता आणि शब्दांना त्याच्या घरात राहावयास जावे लागले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला तेव्हा साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे साचे कीर्तनाने घडवून ठेवलेले होते आणि कानडी मुलुखातल्या चाली त्यांच्या कानात लहानपणापासूनच होत्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'वीरतनया'ने (१८९६) पारशी रंगभूमीच्या चालींना दार उघडले. खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचे वळण दिले, तर 'स्वयंवरा'त (१९१६) भास्करबुवा बखले यांच्यामुळे ख्यालाच्या बंदिशींचा प्रवेश झाला. मराठी संगीत नाटकाचा इतिहास पदांच्या शब्दांवरून लिहिला तर एक निघतो आणि चालींच्या मथळ्यांवरून लिहिला तर दुसराच निघतो.

मग या नाटकांचा कर्ता कोण? मुखपृष्ठावरचे नाव नाटककाराचे असते. युरोपीय ऑपेराच्या बाबतीत हाच प्रश्न उलट्या बाजूने सुटलेला आहे : 'आयदा' ही व्हर्दीची असते, तिचे शब्द कोणी लिहिले हे जाणकारांखेरीज कोणास ठाऊक नसते. मराठीत स्वरकार दीर्घकाळ निनावी राहिला आणि शब्दकार कर्ता ठरला. एवढ्यावरून संगीत नाटक म्हणजे ऑपेरा नव्हे हे स्पष्ट व्हावे. त्यात गद्य संवादांचा सांगाडा टिकून राहतो, पद हे प्रसंगाच्या सांध्यावर येते, आणि पदाची लांबी 'वन्स मोअर'च्या आरोळीवर ठरते. जी संहिता प्रेक्षकाच्या आरोळीने दर रात्री लांबते-आखडते तिला स्थिर संहिता मानून तिची नाट्यरचना तपासणे ही मराठी समीक्षेची जुनी खोड आहे. दुसरी खोड तितकीच जुनी : नाटक बाजूला सारून गळ्याचे गुणगान करणे. पहिलीने 'सौभद्रा'तील कथानकाची बांधणी तपासली, दुसरीने 'सौभद्रा'ची पदे मैफलीत नेऊन बसवली. या दोहोंच्या मध्ये जी संस्था उभी होती, जी नटांना जेवू घालीत होती, पडदे रंगवून घेत होती, कर्ज काढीत होती आणि प्रसंगी मोडून पडत होती, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र समीक्षेजवळ नव्हती.

ती दृष्टी नटांजवळ होती. त्यांनी ती स्वतःच लिहून काढली.

२

मराठीत नाटक मंडळीच्या माणसांनी लिहिलेल्या आत्मपर गद्याची एक ठळक परंपरा आहे. गणपतराव बोडसांची 'माझी भूमिका', गोविंदराव टेंब्यांचा 'माझा संगीत व्यासंग' आणि 'माझा जीवनविहार', मामा वरेरकरांचा 'माझा नाटकी संसार', चिंतामणराव कोल्हटकरांचा 'बहुरूपी' ही त्यातील अग्रभागी असलेली पुस्तके. पैकी 'बहुरूपी'ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही घटना वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. नटाच्या गद्याला वाङ्मयाचा दर्जा मिळाला; पण त्या गद्याचा विषय जो 'मंडळी', त्याला विचाराचा दर्जा मिळाला नाही. ही पुस्तके आठवणींचा खजिना म्हणून वाचली गेली, किस्से काढून घेण्यासाठी चाळली गेली आणि संदर्भ म्हणून कपाटात गेली.

त्यांच्या शीर्षकांतच एक गंमत आहे. 'भूमिका', 'व्यासंग', 'संसार', 'बहुरूपी' : प्रत्येकाने मंडळीतले आपले स्थान एका शब्दात सांगून टाकले आहे. बोडसांना आपण घेतलेली बाजू मांडावयाची आहे. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, टेंबे आणि बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे आणि बोडस हे दोघेही त्या भागीदारीतून निघाले. 'भूमिका' हा शब्द रंगमंचावरचा आणि भांडणातला असा दुहेरी आहे, आणि बोडसांचे गद्यही तसेच दुहेरी आहे : नटाचे निरीक्षण आणि भागीदाराचा जबाब त्यात एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात. टेंब्यांचा सूर वेगळा. ते हिशेबापेक्षा रागाविषयी अधिक जिव्हाळ्याने लिहितात, आणि व्यवहारात हरलेल्या माणसाची एक प्रसन्न बेफिकिरी त्यांच्या वाक्यांना आहे. त्यांनी नंतर शिवराज संगीत मंडळी काढली, तीही टिकली नाही. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट निघाला तेव्हा त्यातील हरिश्चंद्र तेच होते आणि संगीतही त्यांचेच होते. संगीत नाटक मंडळ्यांचा धंदा ज्या बोलपटाने बसवला त्याच्या पहिल्या चित्रात गंधर्व मंडळीचा एक संस्थापक राज्य गमावलेल्या राजाच्या वेषात उभा आहे, हा योगायोग कोणा नाटककाराने योजला असता तर तो बटबटीत म्हणून कापावा लागला असता.

'बहुरूपी'चे सामर्थ्य निराळे आहे. कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीतून १९१८ साली दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. गडकऱ्यांच्या 'भावबंधना'तील घनश्याम ही त्यांची गाजलेली भूमिका. मंडळीतल्या गायक-नायकाच्या शेजारी उभा असलेला गद्यनट या नात्याने त्यांनी जे पाहिले ते गाणाऱ्याला दिसणे शक्यच नव्हते. गाणारा टाळी ऐकतो. गद्यनट टाळी कोणत्या वाक्यानंतर पडली नाही ते लक्षात ठेवतो. म्हणूनच या परंपरेतील उत्तम गद्य बहुतांशी न गाणाऱ्यांनी किंवा गाणे मागे टाकलेल्यांनी लिहिले आहे, ही गोष्ट आकस्मिक मानता येत नाही. बालगंधर्वांनी असे पुस्तक लिहिले नाही. ज्याच्याभोवती सारा पसारा उभा होता त्याच्या तोंडचे गद्य आपल्याला उपलब्ध नाही. त्याच्याविषयीचे मात्र अपार आहे.

३

या गद्यातील आणि त्याबाहेर पसरलेल्या लोकस्मृतीतील एक प्रसंग येथे थोडा विस्ताराने पाहणे अवश्य आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला. भामिनी रंगमंचावर आली आणि गायली. ही कथा शतकभर एकाच सुरात सांगितली गेली आहे. तीत बालगंधर्वांची कलानिष्ठा आहे, प्रेक्षक हाच मायबाप ही श्रद्धा आहे, दुःख गिळून हसणारा चेहरा आहे. २०११ साली आलेल्या 'बालगंधर्व' या चित्रपटापर्यंत हा सूर बदललेला नाही.

तो खोटा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या रात्री विंगेत काय उभे होते तेही मोजावयास हवे. नवे नाटक म्हणजे नवे पडदे, नवे पोशाख, नव्या चालींसाठी महिनोन्महिने चाललेल्या तालमी. खेळ रद्द झाला तर परतावा देणे आले, आणि नव्या नाटकाला पहिल्याच दिवशी अपशकुन लागला अशी बोलवा आली. मंडळी ही एकत्र कुटुंबासारखी एका स्वयंपाकावर चालणारी संस्था होती; तिच्यातील शेवटच्या पोऱ्यापर्यंत प्रत्येकाचे ताट गल्ल्यावर अवलंबून होते. बावीस वर्षांच्या त्या नटापुढे निवड कितपत मोकळी होती? कथेने त्याला निवड करणारा नायक बनवले आणि मंडळीला अदृश्य केले. मंडळीचा दाब अदृश्य झाला की त्याचे रूपांतर व्यक्तीच्या भक्तीत होते. ज्या समाजात कुटुंबासाठी केलेला त्याग हा नेहमी त्याग करणाऱ्याचा गुण म्हणून सांगितला जातो, कुटुंबाची मागणी म्हणून सांगितला जात नाही, त्या समाजाने मंडळीची कथाही त्याच पद्धतीने रचली यात नवल नाही.

हीच रचना दुसऱ्या टोकाला, कर्जाच्या कथेत, उलटी होते. १९२० साली गंधर्व मंडळीने 'द्रौपदी' उभी केली. मयसभेचे वैभव रंगमंचावर आणण्यासाठी खर्चाचा हात सैल सुटला आणि मंडळी कर्जात गेली. बालगंधर्वांची उदारता, भरजरी शालू, खरी अत्तरे, पंगतीचा थाट हे सारे या कथेत येते. येथे मात्र कारण म्हणून व्यक्तीचा स्वभाव पुढे केला जातो : ते मोठ्या मनाचे होते, त्यांना व्यवहार कळत नव्हता. वस्तुतः खर्च हीच त्या काळच्या मंडळ्यांमधील स्पर्धेची भाषा होती. ललितकलादर्श, गंधर्व, बळवंत या मंडळ्या एकाच मर्यादित प्रेक्षकासाठी झगडत होत्या. पडदा आणि पोशाख हे त्यांचे भांडवल होते, आणि हे भांडवल दर नव्या नाटकागणिक नव्याने गुंतवावे लागे. 'द्रौपदी'चा पसारा हा एका माणसाच्या दिलदारपणाचा दाखला जितका आहे तितकाच तो एका धंद्याच्या घडणीचा दाखला आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रात्रीपुरत्या एक झाल्या. भामिनी एकीची, धैर्यधर दुसरीचा. त्या प्रयोगाच्या आठवणींत जुगलबंदीचे वर्णन भरभरून येते. दोन बिऱ्हाडांचे दोन जमाखर्च त्या एका रात्री कसे जुळवले असतील, हा प्रश्न मात्र कोणास रंजक वाटलेला दिसत नाही. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले, आणि ती रात्र दंतकथा झाली.

४

पडद्यामागची माणसे सगळीच लिहिणारी नव्हती. ज्यांनी लिहिले नाही त्यांचा माग काढणे हे समीक्षेचे खरे काम.

पडदे रंगवणाऱ्यांचे उदाहरण घ्यावे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. तो हात पुढे सिनेमाकडे वळला, आणि बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी हा त्याचा परिपाक. त्यांच्या चित्रपटांचा अभ्यास झाला; त्यांनी रंगवलेल्या पडद्यांचा अभ्यास करण्याजोगे फारसे उरलेलेच नाही, कारण पडदा ही वापरून झिजणारी वस्तू. तो गुंडाळला जातो, गाडीवर लादला जातो, भिजतो, दुसऱ्या मंडळीला विकला जातो, त्यावर दुसरा पडदा रंगवला जातो. पु. श्री. काळे हे या बाबतीत अपवाद. ललितकलादर्शच्या या नेपथ्यकाराने 'ललितकलेच्या सहवासात' लिहून ठेवले. वरेरकरांच्या 'सत्तेच्या गुलामा'त (१९२२) ललितकलादर्शने गुंडाळायच्या पडद्यांऐवजी बंदिस्त खोलीचे नेपथ्य आणले, या बदलाची चर्चा सामान्यतः वास्तववादाच्या आगमनाचा टप्पा म्हणून होते. नेपथ्यकाराच्या बाजूने पाहिले तर तो वाहतुकीचा, सुतारकामाचा आणि दोन प्रवेशांमधील मिनिटांचाही प्रश्न होता. वाङ्मयीन 'वास्तव' रंगमंचावर येण्यासाठी आधी फळ्या आणि बिजागऱ्या यावयास हव्या होत्या. काळ्यांचे पुस्तक नाट्यशास्त्राच्या वाचनात का येत नाही, याचे उत्तर आपल्या अभ्यासक्रमाने द्यावयाचे आहे.

साथीदारांविषयी असेच. अहमदजान थिरकवाँसारखा तबलिया आणि कादरबक्षांसारखा सारंगिया गंधर्व मंडळीत वर्षानुवर्षे वाजवीत होते. बालगंधर्वांच्या गाण्यातील लयीचा जो डौल म्हणून वाखाणला जातो तो थिरकवाँच्या ठेक्याशी चाललेल्या रोजच्या संवादातून घडलेला होता. हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात थिरकवाँ हे स्वतंत्र प्रकरण आहे, मराठी नाटकाच्या इतिहासात मात्र ते 'साथीला' या एका शब्दात येतात. रसिकांनी त्यांचे कौतुक केले नाही असे नाही; पण कौतुक ही निराळी गोष्ट आणि कर्तृत्वाचा वाटा मान्य करणे ही निराळी. मंडळीच्या गद्यातही पंगत पदार्थांच्या अंगाने जितकी रंगते तितकी पानांच्या मांडणीच्या अंगाने उलगडत नाही. कोण कोणाच्या शेजारी बसे, कोणाचे ताट वेगळे लागे, हे विचारल्याशिवाय 'मंडळी म्हणजे एक कुटुंब' हे विधान पुरे होत नाही. कुटुंबांतही पंक्ती असतातच.

आणि स्त्रिया. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक रंगमंचावर आल्या ही घटना इतिहासात नोंदवली जाते, आणि योग्यच आहे. हिराबाई बडोदेकरांनी आपली मंडळी घेऊन रंगमंचावर पाऊल टाकले होते, त्याची नोंद तुलनेने फिकी आहे. परंतु चालीच्या मथळ्याकडे परत गेले तर लक्षात येते की स्त्रिया तेथे फार आधीपासून होत्या. ठुमरी आणि दादरा हे गाण्याचे प्रकार कोणाच्या गळ्यात वाढले? कोठीवरच्या, दरबारच्या, बैठकीच्या गायिकांच्या. 'मानापमाना'ची चाल त्यांच्या गाण्यातून आली आणि त्यांच्या गाण्याला प्रतिष्ठित मराठी घरांतील स्त्री-पुरुषांपुढे पोचवण्याचे काम स्त्रीवेष घेतलेल्या ब्राह्मण पुरुषाने केले. गायिकेचा देह नाट्यगृहाच्या बाहेर आणि तिचा सूर आत, अशी ही व्यवस्था. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेची मोहिनी, तिने घराघरांतील लुगड्यांना व केशरचनेला लावलेले वळण, हे सारे सांगून झाले आहे; परंतु ती मोहिनी ज्या सुरावर उभी होती त्याच्या मूळ मालकिणींचे नाव कोठेही लागले नाही. मथळ्यात गाण्याचे पहिले शब्द आहेत. गाणारीचे नाव नाही.

गोहरबाई कर्नाटकींची कथा या व्यवस्थेचा उलगडा करते. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या गंधर्व मंडळीत आल्या, बालगंधर्वांची गायकी त्यांनी आत्मसात केली आणि पुढे त्यांच्या आयुष्याच्या सहचारिणी झाल्या. भक्तमंडळींनी त्यांना ऱ्हासाचे कारण ठरवले. तोवर बोलपट आलेला होता, मंडळ्या एकामागून एक मोडत होत्या, बालगंधर्वांचे वय उतरणीला लागले होते आणि कर्जाचा इतिहास दीड दशकाचा झाला होता. तरीही दोष बाईवर आला. सूर आत चालत होता तोवर सोयीचे होते; सुराबरोबर देहही दारातून आत आला तेव्हा 'कुटुंब' बिथरले. गोहरबाईंविषयीचे लेखन हे त्यांच्या गाण्याविषयी किती आहे आणि त्यांच्या घरात असण्याविषयी किती आहे, हे एकदा कोणी मोजून पाहावे.

५

आता या गद्याचा भूगोल. ही पुस्तके वाचताना मनावर ठसतात ती गावे म्हणजे सांगली, मिरज, कोल्हापूर, हुबळी, पुणे, मुंबई, बडोदे, इंदूर, नागपूर. म्हणजे संस्थानिकांचा आश्रय, वकील-व्यापाऱ्यांची वस्ती किंवा रेल्वेचे मोठे स्थानक, यांपैकी काहीतरी असलेली गावे. पडद्यांचे गठ्ठे, पोशाखांच्या ट्रंका आणि पन्नास-शंभर माणसे घेऊन हिंडणाऱ्या संस्थेला दुसरा मार्ग नव्हता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी जालन्यावरून धावू लागली होती. पण जालन्यापासून उत्तरेला, जाफराबादच्या मुलुखात, टेंभुर्णीसारख्या गावाकडे जाणारी वाट बैलगाडीची होती. मराठी रंगभूमीच्या सुवर्णकाळाचा विचार टेंभुर्णीहून करावयाचा म्हटले तर काय दिसते? सुवर्णकाळ ही एक ऐकीव गोष्ट दिसते.

याचा अर्थ या भागात नाटक नव्हते असा नाही. औरंगाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सोयगावी लोटू पाटलांनी नाटकाचा जो संसार थाटला तो निजामी राज्यातील एका खेड्यातला. त्याच्याविषयी मराठवाड्यातील नाट्यरसिक आदराने बोलतात. पण मराठी नाटकाच्या इतिहासग्रंथांत त्याला परिच्छेदाहून अधिक जागा मिळत नाही. कारण उघड आहे. इतिहास त्यांचा लिहिला गेला ज्यांच्याकडे 'माझी भूमिका' लिहिणारा कोणी होता. पडद्यामागचे गद्य हे इतके समृद्ध आहे की त्याने स्वतःचाच एक पडदा उभा केला आहे. त्याच्या मागे जे आहे ते पाहण्यासाठी दुसऱ्या प्रकारची साधने लागतात : यात्रेच्या पंचांचे जमाखर्च, भाड्याने आणलेल्या पडद्यांच्या पावत्या, पेटीमास्तरांच्या वह्या. असा शोध १९४८ पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील मराठी खेड्यांपुरता जरी घेतला गेला तरी 'मंडळी' या कल्पनेची व्याख्या बदलावी लागेल.

झाडीपट्टीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे केंद्र धरून पूर्व विदर्भात दिवाळीनंतरच्या हंगामात रात्र-रात्र चालणारी नाटके आजही होतात. त्यात गाणी असतात, वादक समोर बसून वाजवतात, नाटके पुष्कळ आणि तालमींना दिवस थोडे म्हणून प्रॉम्प्टरवाचून पान हलत नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनी या रंगभूमीची ओळख करून दिली, जणू ती नुकतीच सापडली होती. 'संगीत नाटक संपले' हे विधान ज्या दशकांत वारंवार केले जात होते त्याच दशकांत धान कापून झालेल्या बांध्यांत मंडप उभे राहत होते. विधान करणाऱ्यांच्या रेल्वेगाड्या तिकडे जात नव्हत्या, एवढेच. अभिरुचीचा प्रश्न निश्चितच आहे. झाडीपट्टीतील सर्वच नाटके डोळे मिटून गौरवावी अशी नाहीत, आणि देशीपणाच्या उमाळ्यात तिचे भरमसाट कौतुक करण्याने तिचा अभ्यास होणार नाही. परंतु किर्लोस्कर मंडळीच्या सर्वच नाटकांविषयी तरी वेगळे काय म्हणता येईल?

जे मोठ्या शहरांत उरले आहे त्याची अवस्था तरी काय आहे? छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात बांधलेले नाट्यगृह, जे पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेले, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. हळहळ व्यक्त झाली, पुनर्बांधणीच्या घोषणा झाल्या. वास्तू पुन्हा उभी करता येते, कारण तिचे आराखडे आणि छायाचित्रे असतात. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला कोणत्या खोलीत काय चाले, साथीदार कोठे बसत, सामान कोणत्या दाराने आत येई, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्या स्मृतीचा आराखडा कोणी काढून ठेवलेला नाही.

६

टेंभुर्णीहून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मिरजेहून दिसत नाही. मंडळी जेथे पोचली नाही तेथे चाल पोचली. तिला ट्रंका लागत नव्हत्या. ध्वनिमुद्रिकेतून, रेडिओवरून, आणि त्याहून अधिक कीर्तनकाराच्या व पेटीवाल्याच्या हाताने ती खेड्यातल्या भजनाच्या फडात गेली. मराठवाड्यात वारकरी भजनाची परंपरा घट्ट आहे. पखवाज आणि टाळ यांच्या बरोबरीने पेटी आली, आणि पेटीबरोबर नाट्यपदांची वळणे आली. तुकोबांचा अभंग नाटकातल्या चालीवर म्हणावयाचा, आणि ती चाल कोणत्या नाटकातली हे म्हणणाऱ्यास ठाऊक नसावयाचे, हे कित्येक खेड्यांतले नेहमीचे दृश्य. शुद्धतावादी यावर नाके मुरडतात. चालीच्या प्रवासाचा अभ्यास करणाऱ्याने मात्र कान टवकारावेत.

येथे 'कान्होपात्रा' या नाटकाचा विचार अपरिहार्य ठरतो. ना. वि. कुलकर्ण्यांचे हे नाटक गंधर्व मंडळीने १९३१ साली आणले. संगीत मास्तर कृष्णरावांचे होते, आणि कान्होपात्रा बालगंधर्व. मंगळवेढ्याच्या शामा नायकिणीची ही मुलगी. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले आणि तिने पंढरपूर गाठले, ही तिची परंपरेने सांगितलेली कथा. संगीत नाटकाने जिचा सूर घेतला आणि जिला दाराबाहेर ठेवले त्या वर्गातली स्त्री येथे नायिका म्हणून रंगमंचाच्या मध्यभागी आली. संत म्हणून आली आणि पुरुषाच्या देहात आली, तेव्हाच ती त्या प्रेक्षकाला पेलली. तिच्या तोंडी अभंग होते. म्हणजे येथे शब्द आधीचे होते आणि चाल नवी होती; किर्लोस्करांपासून चालत आलेला क्रम या नाटकात पुरता उलटला. त्या चाली लगेच नाटक सोडून बाहेर पडल्या. नाटक मागे पडले, मंडळी मोडली, पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची रीत संपली. त्या अभंगांच्या चाली भजनात राहिल्या.

बेदर हे निजामाच्याच राज्यात होते. कान्होपात्रेच्या कथेतील बादशहाचा मुलुख आणि टेंभुर्णीच्या माणसाचा १९४८ पर्यंतचा मुलुख एकच. जाफराबाद तालुक्यातील एखाद्या देवळात एकादशीच्या रात्री पेटीवाला काळी दोन धरतो आणि अभंग सुरू होतो, तेव्हा त्या चालीच्या मागे मास्तर कृष्णरावांचा हात असतो, गंधर्व मंडळीच्या तालमीची खोली असते, आणि त्याही मागे कोणत्या बैठकीतला कोणाचा गळा असतो. भजनाच्या वहीत अभंग हाताने उतरवलेला असतो. त्याच्या डोक्यावर कधी कधी कंसात एक शब्द लिहिलेला आढळतो : 'चाल'. पुढे एखाद्या नाट्यपदाचे पहिले दोन शब्द, शुद्धलेखनाच्या चुकांसह.